पुणे लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर एक राजकीय विश्लेषक तयार होतो. त्याचे पहिले वाक्य बहुधा ‘पुणे हा पहिल्यापासून अमक्याचा बालेकिल्ला’ असे असते. ते कधी काँग्रेसबद्दल असते, कधी भाजपबद्दल. दोन्ही वेळा ते चुकते, आणि का चुकते ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

पुणे शहर आणि पुणे लोकसभा मतदारसंघ एकच ना?

नाही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. २००८च्या पुनर्रचनेनंतर पुणे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. यातला कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

म्हणजे औंध, बाणेर, खराडी, येरवडा, कॅम्प आणि सगळ्या पेठा पुण्यात. पण धनकवडी किंवा वारज्यात राहणारा माणूस खडकवासला विधानसभेत येतो आणि खडकवासला बारामती लोकसभेत आहे. पत्ता पुण्याचा, पाणी पुण्याचे, मिळकत कर पुणे महापालिकेचा आणि खासदार बारामतीचा. हडपसर आणि मगरपट्टा शिरूरमध्ये जातात. पिंपरी-चिंचवडची तर फाळणीच झाली आहे. पिंपरी व चिंचवड मावळात, भोसरी शिरूरमध्ये. म्हणून ‘पुण्याने कौल दिला’ असे जेव्हा टीव्हीवर ओरडून सांगितले जाते तेव्हा अर्ध्या शहराचा त्या कौलाशी काही संबंध नसतो.

२००९च्या आधी सीमा वेगळ्या होत्या. भवानी पेठ आणि बोपोडी असे विधानसभा मतदारसंघ तेव्हा होते, ते गेले. कोथरूड आणि वडगाव शेरी नव्याने आले. ही अदलाबदल लक्षात न घेता २००४ आणि २०१४ची मते शेजारी मांडून काढलेले निष्कर्ष फारसे उपयोगाचे नसतात.

आजवर कोण कोण निवडून आले?

१९५२: नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ (पुणे मध्य) आणि इंदिरा मायदेव (पुणे दक्षिण), दोघे काँग्रेस
१९५७: नारायण गणेश तथा नानासाहेब गोरे, प्रजा समाजवादी
१९६२: शंकरराव मोरे, काँग्रेस
१९६७: एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी
१९७१: मोहन धारिया, काँग्रेस
१९७७: मोहन धारिया, जनता
१९८०, १९८४, १९८९: विठ्ठलराव गाडगीळ, काँग्रेस
१९९१: अण्णा जोशी, भाजप
१९९६: सुरेश कलमाडी, काँग्रेस
१९९८: विठ्ठल तुपे, काँग्रेस
१९९९: प्रदीप रावत, भाजप
२००४, २००९: सुरेश कलमाडी, काँग्रेस
२०१४: अनिल शिरोळे, भाजप
२०१९: गिरीश बापट, भाजप
२०२४: मुरलीधर मोहोळ, भाजप

एकच जागा झाल्यापासून, म्हणजे १९५७ पासून, सतरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. नऊ काँग्रेसने जिंकल्या, पाच भाजपने, दोन समाजवाद्यांनी आणि एक जनता पक्षाने. चार वेळा निवडून आलेला खासदार पुण्याने अजून पाहिलेला नाही.

पुण्यातून एकाच वेळी दोन खासदार जायचे, हे खरे का?

फक्त १९५२ मध्ये. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि पुण्याचे ‘मध्य’ व ‘दक्षिण’ असे दोन मतदारसंघ होते. मध्यमधून आले काकासाहेब गाडगीळ, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री. दक्षिणेतून आल्या इंदिरा मायदेव.

मायदेवांचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. पण पुण्यातून लोकसभेवर गेलेल्या त्या आजवरच्या एकमेव महिला. मुलींची पहिली शाळा जिथे भरली, कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे काम जिथे उभे केले, त्या शहराने त्यानंतर सत्तर वर्षांत एकही महिला खासदार निवडून दिली नाही. भाषणात फुले आणि कर्वे हटकून येतात, तिकीटवाटपात मात्र ही परंपरा कुणाला आठवत नाही.

१९५७ मध्ये काकासाहेब गाडगिळांसारखा माणूस पडलाच कसा?

या मतदारसंघाच्या इतिहासातली ही सर्वांत वाचनीय निवडणूक आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर १९५६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ एकत्र करून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य आले. मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र हवा होता, दिल्ली तो द्यायला तयार नव्हती. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. विरोधी पक्षांनी संयुक्त महाराष्ट्र समिती उभी केली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ अशी एरवी एका सतरंजीवर न बसणारी मंडळी त्यात होती. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी पुण्याचेच.

काकासाहेब काही संयुक्त महाराष्ट्राचे शत्रू नव्हते. उलट काँग्रेसमध्ये राहून, भर लोकसभेत, मुंबई दिली नाही तर हा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर सुटेल अशा अर्थाचे भाषण त्यांनी केले होते आणि त्यावर मोठा गदारोळ झाला होता. पण निशाणी बैलजोडीची होती. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात बैलजोडीवर उभे राहणे हाच गुन्हा ठरला.

समोर नानासाहेब गोरे. गोवामुक्तीसाठी मे १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगिजांचा मार खाल्ला, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात डांबले गेले. १९५७च्या सुरुवातीला सुटून आले आणि थेट निवडणुकीला उभे राहिले. झोपडीच्या निशाणीवर समितीचा उमेदवार आणि वर ताजा तुरुंगवास. काकासाहेबांचे मंत्रिपद त्यापुढे फिके पडले. पुढच्याच वर्षी काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले आणि पुण्याच्या निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले.

इथे मत उमेदवाराच्या लायकीवर पडले नाही, प्रश्नावर पडले. पुण्यात असे स्वच्छपणे नंतर क्वचितच झाले.

मग समाजवाद्यांचे पुणे संपले कधी?

हळूहळू. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे कामच उरले नाही. घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. १९६२ मध्ये जागा काँग्रेसकडे परत आली. खासदार झाले शंकरराव मोरे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९५२ मध्ये ते काँग्रेसविरोधात लढून सोलापुरातून लोकसभेवर गेले होते आणि दहा वर्षांनी काँग्रेसच्या तिकिटावर पुण्यातून. पक्षांतर हे हल्लीचे फॅड आहे असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

१९६७ मध्ये एस. एम. जोशी आले. विरोधकांची पुन्हा एकदा बऱ्यापैकी एकी होती आणि ‘एसेम’ या दोन अक्षरांना शहरात वजन होते. वजन होते म्हणजे पैसा होता असे नव्हे. त्यानंतर १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’ची लाट आली आणि समाजवादी पक्षाच्या निशाणीवर पुण्यातून पुन्हा कुणी जिंकले नाही. सेवादल, ‘साधना’ साप्ताहिक, लोकविज्ञान चळवळ, हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ असे समाजवादी पुणे बाकी सर्वत्र शिल्लक राहिले, मतपेटीतून तेवढे गेले.

मोहन धारिया एकदा काँग्रेसकडून आणि एकदा काँग्रेसविरुद्ध, दोन्ही वेळा पुण्यातूनच?

हो, आणि लागोपाठ. असे करून दाखवणारे पुण्यातले ते एकटेच.

१९७१ मध्ये ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे उमेदवार, पक्षातल्या ‘तरुण तुर्कां’पैकी, म्हणजे बंडखोर तरुण नेत्यांपैकी. पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. मार्च १९७५ मध्ये, इंदिरा गांधींनी जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद करावा असे त्यांनी उघडपणे म्हटले आणि मंत्रिपद गेले. तीन महिन्यांनी आणीबाणी आली, धारिया तुरुंगात गेले. १९७७ मध्ये ते जनता पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिले. जनता पक्षाला स्वतःची निशाणी मिळालेली नसल्यामुळे भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारायचा होता. पुणेकरांनी तो मारला आणि धारिया मोरारजींच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री झाले. नंतर ते राजकारणातून बाजूला होऊन ‘वनराई’च्या कामात रमले. आजच्या पिढीला ते झाडे लावणारे धारिया म्हणूनच माहीत आहेत.

सलग तीन वेळा जिंकण्याचा विक्रम कोणाचा?

विठ्ठलराव गाडगिळांचा: १९८०, १९८४ आणि १९८९. काकासाहेबांचे चिरंजीव. कलमाडीही तीनदा जिंकले, पण सलग नाही.

गाडगीळ राजीव गांधींच्या सरकारमध्ये राज्यमंत्री होते, नंतर काँग्रेसचे प्रवक्ते म्हणून देशभर ओळखले गेले. शांत, वाचणारा, इंग्रजी-मराठीत सारखाच नेमका बोलणारा माणूस. विरोधकांना त्यांच्यावर चिडणे जड जायचे.

भाजपला पुणे पहिल्यांदा कधी मिळाले?

१९९१ मध्ये, आणि तेही अवघड वर्षी. राजीव गांधींची हत्या २१ मे रोजी झाली. महाराष्ट्राचे मतदान त्यानंतर जूनमध्ये झाले. राज्यात काँग्रेसने ४८ पैकी ३८ जागा घेतल्या. असे असताना पुण्यात तीन वेळचे खासदार पडले आणि भाजपचे अण्णा जोशी निवडून आले.

अण्णा तेव्हा कसब्याचे आमदार होते. ते लोकसभेत गेल्यावर कसब्यात पोटनिवडणूक झाली. भाजपने गिरीश बापट नावाच्या तरुण नगरसेवकाला उभे केले आणि ते काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून हरले. १९९५ मध्ये बापटांनी तोच कसबा घेतला आणि तेव्हापासून सलग पाच वेळा जिंकला. मध्ये १९९६ मध्ये भाजपने त्यांना लोकसभेला उतरवले होते. तिथे कलमाडींनी त्यांना हरवले. खासदार व्हायला त्यांना त्यानंतर तेवीस वर्षे लागली.

१९९८ मध्ये भाजपनेच कलमाडींना पाठिंबा दिला होता, हे खरे?

खरे आहे. नव्या कार्यकर्त्यांचा विश्वास बसत नाही.

कलमाडी वायुदलातले वैमानिक, मग युवक काँग्रेस, मग राज्यसभा, नरसिंह राव सरकारात रेल्वे राज्यमंत्री, आणि १९९६ मध्ये पुण्याचे खासदार. मॅरेथॉन आणि पुणे फेस्टिव्हल या दोन उत्सवांमुळे घराघरात माहीत. १९९८ मध्ये ते काँग्रेसबाहेर पडले, ‘पुणे विकास आघाडी’ काढली आणि भाजप-शिवसेना युतीने आपला उमेदवार न देता त्यांना पाठिंबा दिला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध गल्लोगल्ली फिरलो त्यांच्याच पत्रिका वाटायची वेळ संघ-भाजपच्या कार्यकर्त्यांवर आली. कार्यकर्ता शिस्तीचा असतो. त्याचा शेजारी मात्र कुणाच्या शिस्तीत नसतो.

काँग्रेसने विठ्ठल तुपे यांना तिकीट दिले. हडपसरचे, जुन्या समाजवादी चळवळीतून आलेले, शरद पवारांचे माणूस. त्या वर्षी राज्यात काँग्रेस आणि एकत्रित रिपब्लिकन पक्ष यांनी मिळून ४८ पैकी ३७ जागा जिंकल्या. तुपे आले, कलमाडी पडले. त्याच वर्षी कलमाडी अपक्ष म्हणून राज्यसभेत पोहोचले, आणि ती निवडणूकही काँग्रेसला चांगलीच झोंबली, कारण पक्षाचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले. काही काळाने कलमाडी काँग्रेसमध्ये परतले.

आणि १९९९?

सोपे गणित. पवारांनी राष्ट्रवादी काढली, तुपे त्यांच्याबरोबर गेले. काँग्रेसने मोहन जोशींना उभे केले, राष्ट्रवादीने तुप्यांना. मते फुटली आणि भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. निवडणूक संपल्यावर दोन्ही काँग्रेसनी राज्यात एकत्र सरकार बनवले.

२००९ मध्ये कलमाडी मनसेमुळे जिंकले का?

आकडे पाहा. कलमाडी २,७९,९७३. भाजपचे अनिल शिरोळे २,५४,२७२. फरक २५,७०१. मनसेचे रणजित शिरोळे सुमारे ७६ हजार, आणि बसपच्या तिकिटावर उभे असलेले बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी सुमारे ६३ हजार.

मनसेच्या मतांपैकी एकतृतीयांशाहून थोडी जास्त मते जरी भाजपकडे गेली असती तरी निकाल फिरला असता. बाकीची अर्थातच घरी बसली असती, किंवा काँग्रेसकडे गेली असती, हे कोण सांगणार? कुलकर्णींची मते तर नेमकी कुणाची कापली यावर पुण्यात अजूनही दोन मते आहेत, म्हणजे पुण्याच्या मानाने एकमतच. मतदान यंत्रावर शिरोळे दोन होते, हेही एक. माझ्या मते खरा मुद्दा वेगळा आहे. त्या निवडणुकीत जेमतेम ४१ टक्के मतदान झाले. म्हणजे कलमाडींना मिळालेली मते एकूण मतदारांच्या सहाव्या हिश्श्याच्याही आत होती.

कलमाडींचे राजकारण कशाने संपले?

२०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांनी. संयोजन समितीचे ते अध्यक्ष होते. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून एप्रिल २०११ मध्ये सीबीआयने त्यांना अटक केली आणि काँग्रेसने निलंबित केले. २०१४ मध्ये तिकीट मिळाले नाही. २०२५ मध्ये ईडीचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला, पण तोवर पुण्याच्या काँग्रेसची घडी पार विस्कटून गेली होती. शहरात पक्ष म्हणजे कलमाडी अशी अवस्था पंधरा वर्षे होती. ते बाजूला पडले आणि त्यांच्यामागे दुसरी फळी उभीच नव्हती.

२०१४ आणि २०१९ची लढत एकतर्फी होती का?

होती. २०१४ मध्ये अनिल शिरोळे यांना ५,६९,८२५ मते, काँग्रेसच्या विश्वजित कदमांना २,५४,०५६. फरक सव्वातीन लाखांच्या जरा अलीकडे. २०१९ मध्ये गिरीश बापट ६,३२,८३५ आणि मोहन जोशी ३,०८,२०७. फरक ३,२४,६२८.

एक गंमत नजरेतून सुटू नये. २००९ मध्ये हरताना शिरोळेंना अडीच लाख होती, २०१४ मध्ये हरणाऱ्या काँग्रेस उमेदवारालाही अडीच लाखच. काँग्रेसचा मतदार फारसा पळाला नव्हता, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त नवा मतदार बाहेर पडून कमळावर गेला. २०१४ मध्ये मतदारयादीतून नावे गायब झाल्याच्या तक्रारी पुण्यात इतक्या झाल्या की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरीही मतदान ५४ टक्क्यांवर पोहोचले.

जिंकूनही शिरोळेंना २०१९ मध्ये तिकीट मिळाले नाही. बापट पालकमंत्री होते, कसब्यातले सर्वपक्षीय मैत्र्यांचे माणूस, आणि ज्येष्ठतेने त्यांचा नंबर लागला होता.

पुण्याला वर्षभर खासदारच नव्हता, तो काय प्रकार?

२९ मार्च २०२३ रोजी बापटांचे निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. अपवाद दोन: मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा केंद्र सरकारशी सल्लामसलत करून निवडणूक घेणे अवघड आहे असे आयोगाने प्रमाणित केले तर. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून अधिक.

तरी निवडणूक झाली नाही. आयोगाचे म्हणणे होते की यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला फारच थोडा काळ मिळेल. एका पुणेकर मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाला फटकारले आणि ताबडतोब पोटनिवडणूक घ्यायला सांगितले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, विषय संपला.

वीस लाखांवर मतदार असलेले शहर चौदा महिने लोकसभेत विनाप्रतिनिधी राहिले. पुण्यात याच्यावर मोर्चे निघाले असते असे कुणाला वाटेल. निघाले नाहीत. वाचकांच्या पत्रव्यवहारात तेवढी धग दिसली.

कसब्याची २०२३ची विधानसभा पोटनिवडणूक एवढी का गाजली?

आमदार मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले. भाजपने उमेदवारी टिळक घराण्यात न देता हेमंत रासने यांना दिली. ब्राह्मण मतदारांत त्यावरून नाराजी पसरली, निदान तशी चर्चा घरोघर होती. काँग्रेसकडून रवींद्र धंगेकर. शिवसेना, मनसे असा प्रवास करून आलेले, दुचाकीवर फिरणारे, रात्री बारालाही फोन उचलणारे नगरसेवक. २००९ मध्ये मनसेतर्फे त्यांनी बापटांनाच कसब्यात चांगला घाम फोडला होता.

प्रचारात भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी ‘हू इज धंगेकर?’ असे विचारले आणि काँग्रेसचे निम्मे काम परस्पर करून टाकले. बापट गंभीर आजारी असताना, व्हीलचेअरवर, नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन कार्यकर्त्यांपुढे आले. ते दृश्य पाहून हळहळणारे जितके होते तितकेच चिडणारेही होते. धंगेकर सुमारे अकरा हजारांनी जिंकले आणि २८ वर्षांनी कसबा भाजपच्या हातून गेला. ‘धिस इज धंगेकर’चे फ्लेक्स लागायला वेळ लागला नाही.

मग २०२४ मध्ये धंगेकर लोकसभेला का चालले नाहीत?

कारण कसबा म्हणजे पुणे नव्हे. नदीपलीकडे मतदार कितीतरी जास्त आहे आणि वाड्यातल्या ओळखी सोसायटीच्या गेटपाशी संपतात.

१३ मे २०२४ रोजी मतदान झाले. मुरलीधर मोहोळ ५,८४,७२८, धंगेकर ४,६१,६९०, फरक १,२३,०३८. मनसे सोडून वंचितच्या तिकिटावर उभे राहिलेले वसंत मोरे ३२ हजारांवर थांबले. सर्वांत मोठी आघाडी कोथरूडने दिली, जिथे मोहोळ स्वतः राहतात. कसब्यातही धंगेकर मागे पडले. फक्त कॅन्टोन्मेंटमध्ये ते पुढे होते.

पण भाजपने पेढे वाटले तरी २०१९ शी तुलना केली तर आघाडी दोन लाखांनी घटली होती आणि काँग्रेसची मते दीड लाखांनी वाढली होती. मोहोळ कोल्हापूरच्या तालमीत घडलेले पैलवान आणि पुण्याचे माजी महापौर. पहिल्याच खेपेला केंद्रात सहकार आणि नागरी हवाई वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले. धंगेकर सहा महिन्यांनी कसब्यातच रासन्यांकडून हरले आणि २०२५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले.

पुणे नेहमी दिल्लीतल्या सत्तेबरोबर जाते का?

१९९९ पासून सहाही वेळा गेले. त्याच्या आधी अगदी उलट. १९८९ मध्ये दिल्लीत व्ही. पी. सिंह आणि पुण्यात काँग्रेस. १९९१ मध्ये दिल्लीत काँग्रेस आणि पुण्यात भाजप. १९९६ मध्ये दिल्लीत देवेगौडा (काँग्रेस बाहेरून पाठिंब्यावर), पुण्यात काँग्रेस. १९९८ मध्ये दिल्लीत वाजपेयी, पुण्यात पुन्हा काँग्रेस. चार निवडणुका ओळीने पुणेकरांचा खासदार सरकारी बाकांवर नव्हता.

तर मग हा नक्की कोणाचा बालेकिल्ला?

२०१४ नंतर भाजपची पकड घट्ट आहे, यात शंका नाही. २०२४च्या विधानसभेत सहापैकी पाच जागा त्यांच्या, फक्त वडगाव शेरी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे. पण ‘पहिल्यापासून’ हा शब्द वापरू नये. १९९१ आणि २०१४ यांच्या मध्ये भाजपने पुणे फक्त एकदा जिंकले, तेही दोन्ही काँग्रेस एकमेकींवर उलटल्या तेव्हा. आणि काँग्रेसच्या नऊ विजयांतही विरोधकांच्या फाटाफुटीचा वाटा मोठा होता. १९५७ आणि १९७७ मध्ये विरोधक एक झाले आणि काँग्रेस हरली. पुण्यात बालेकिल्ल्यापेक्षा समोरच्याच्या तटबंदीला पडलेली भगदाडे जास्त महत्त्वाची ठरली आहेत.

पुणेकर मतदानाला बाहेर का पडत नाहीत?

सुमारे ४१ टक्के (२००९), ५४ (२०१४), पन्नासच्या किंचित खाली (२०१९), साडेत्रेपन्न (२०२४). याला जोडून सुट्ट्यांची विनोदी कारणे सांगितली जातात. ती थोडीफार खरी आहेत, पण संपूर्ण नाहीत. शिकायला-नोकरीला आलेल्यांचे नाव गावच्या यादीत असते. जे घर बदलतात त्यांचे नाव जुन्या पत्त्यावर राहते. मेलेली माणसे यादीत जिवंत असतात. त्यामुळे टक्केवारीतला छेदच फुगलेला असतो. पेठांतली आजी मात्र सकाळी सातला रांगेत पहिली असते, हेही तितकेच खरे.

पुण्याला पुन्हा दोन खासदार मिळू शकतील का?

लोकसंख्येच्या हिशेबाने मिळायला हवेत, कारण सध्याच्या सीमा २००१च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत आणि त्यानंतर खराडी, बाणेर, बालेवाडीचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. घटनेप्रमाणे जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतरच्या पुनर्रचनेशी महिला आरक्षणही जोडलेले आहे. २०२३च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत एकतृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या आहेत, पण अंमल पुनर्रचनेनंतर. तेव्हा पुण्याच्या वाट्याला राखीव जागा आली, तर इंदिरा मायदेवांचे नाव एवढ्या वर्षांनी वर्तमानपत्रात एकदा तरी छापून येईल.